तापात ट्रोपोनिन, डी-डायमर वाढलं तर रिपोर्ट कसा वाचायचा

डेंग्यू, फ्लू, कोविडच्या तापात हृदयाच्या स्नायूला आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होऊ शकते. पण सरसकट प्रत्येक तापाला या चाचण्या करायच्या नसतात. छातीत दुखणं, धाप, धडधड, भोवळ, एकाच पायाला सूज, यातलं काही असेल तर करा, तेही आधी ईसीजी काढून. अशा वेळी रिपोर्टची वाट बघत घरी बसू नये, १०८ला फोन करावा.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतून रक्तात येणारं प्रथिन. एकदाच मोजून फारसं कळत नाही. साधारण तीन तासांनी पुन्हा मोजा. आकडा ठळक वर किंवा खाली सरकला तर इजा ताजी आहे. दोन्ही वेळा वाढलेला पण जागच्या जागी असेल, तर किडनीचा जुना आजार किंवा जुनं हृदयदुखणं आहे का ते बघा, म्हणजे क्रिएटिनिनही करून घ्या. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा. काही मशीनवर त्यामुळे ट्रोपोनिन खोटं कमी दिसतं.

सीपीके आणि सीके-एमबी या स्नायूंतल्या एन्झाइमांच्या चाचण्यांवर मात्र भिस्त ठेवू नका. फ्लूमध्ये अंगाचे स्नायू दुखतात तेव्हाही ती वाढू शकतात. आदल्या दिवशी कमरेत सुई घेतली असेल किंवा दिवसभर ऊस तोडला असेल, तरी सीपीके चढतं. हृदय ठणठणीत असताना घरची माणसं हवालदिल होतात ती यामुळेच.

धाप लागत असेल तर एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा घटक, मोजा. ३०० पिकोग्रॅम प्रति मिलीच्या खाली असेल तर हृदय अचानक कमजोर पडल्याची शक्यता फार कमी. लठ्ठ माणसात ते कमी दिसतं, किडनी बिघडलेल्यात जास्त.

सगळ्यात जास्त गोंधळ डी-डायमरचा. रक्ताची गाठ धरणं आणि विरघळणं चालू असल्याची ती खूण आहे, गाठ सापडल्याचा पुरावा नव्हे. ताप, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, नुसतं वय, कशानेही ते वाढतं. पन्नाशीनंतर वय गुणिले १० ही मर्यादा धरतात, म्हणजे ७० वर्षांना ७००. डी-डायमर एफईयू आणि डीडीयू अशा दोन एककांत देतात. हा हिशेब एफईयू नॅनोग्रॅम प्रति मिलीचा. डीडीयूमध्ये तोच आकडा साधारण निम्मा येतो. डेंग्यूत प्लेटलेट उतरत असताना नुसत्या डी-डायमरवरून रक्त पातळ करायचं औषध सुरू करणं धोक्याचं. ॲस्पिरिन, ब्रुफेनही नको.

नमुना खानापुरात काढून बेळगावला पाठवायचा असेल तर चूक बहुधा ट्यूबमध्येच होते. डी-डायमरची निळ्या झाकणाची, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटची ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे: ०.३ मिली सायट्रेटला २.७ मिली रक्त. कमी भरली तर प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) पातळ होऊन आकडा खोटा उतरतो. तीन-चार वेळा हलकेच उलटी करा, गदागदा हलवू नका. गाठ धरलेली ट्यूब टाकून द्या. ट्रोपोनिनसाठी सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव) दोन तासांत वेगळा केलेला बरा.

पहिला रिपोर्ट निपाणीचा आणि दुसरा कोल्हापूर-मिरजेचा असेल तर आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. ट्रोपोनिन आय आणि टी हे दोन वेगळे प्रकार, त्यांचे आकडे जुळत नाहीत. एककंही वेगळी असतात: ०.०४ नॅनोग्रॅम प्रति मिली म्हणजेच ४० नॅनोग्रॅम प्रति लिटर. दुसरी चाचणी शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर पाठवताना नुसता आकडा नको. एकक, नॉर्मल मर्यादा आणि रक्त काढल्याची वेळ दिसेल असा अख्ख्या पानाचा फोटो पाठवा.