लाइव्ह स्ट्रीमचा फ्रेम रेट मधेच बदलला हे कसं पकडायचं
घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधे गेटवर आयपी कॅमेरे असतात ना, त्यातले काही अंधार पडला की सेकंदाला 25 फ्रेमवरून गुपचूप साडेबारावर येतात, आणि तुमचा कोड बसलाय 25 धरून. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या लायब्ररीचा अ‍ॅव्हरेज फ्रेम रेट बघून काही कळणार नाही, तो स्ट्रीम उघडताना काढलेला अंदाज असतो.

डीकोडरमधून बाहेर आलेल्या फ्रेमचा पीटीएस (ती कधी दाखवायची तो टाइमस्टॅम्प) घ्या आणि आधीच्या फ्रेमचा त्यातून वजा करा. पॅकेटचा (डीकोड होण्याआधीच्या तुकड्याचा) नको, बी-फ्रेम (पुढच्या फ्रेमवरही अवलंबून असणाऱ्या) असल्या की क्रम उलटसुलट येतो. पॅकेट पोचल्याची वेळ तर अजिबात नको, वायफाय लटकलं की सगळं बोंबललं.

आरटीपीवर (कॅमेरे व्हिडिओ पाठवायला वापरतात तो प्रोटोकॉल) व्हिडिओचं घड्याळ सहसा सेकंदाला 90000 टिकचं, म्हणजे 25 ला फरक 3600, साडेबाराला 7200. आता गंमत अशी की एक फ्रेम गळाली तरी 7200 च दिसतो! म्हणून शेवटच्या 15-20 फरकांचा मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा (सरासरी नको, एका झटक्यात ती हलते), तो 10 टक्क्यांहून जास्त सरकला आणि सेकंदभर तिथेच राहिला तरच रेट बदलला म्हणा.

फरक उणे किंवा अवाढव्य आला तर कॅमेरा बहुतेक रीकनेक्ट झालाय, जुना हिशोब सरळ पुसून टाका.