तुकड्यांचा बॅकअप उलगडत नाही तेव्हा

रिस्टोअर अर्ध्यात तुटलं की नवखा माणूस तीच कमांड पुन्हा पुन्हा चालवतो. त्याने काही साधत नाही. एरर नीट वाचा. घोटाळा कुठे आहे ते बहुतेक वेळा तिथेच कळतं. इथे लिनक्सवरचा बॅकअप धरलाय: टारने (सगळ्या फाइल्स एका फाइलमध्ये बांधणारी कमांड) बांधून, जीझिपने दाबून (आकार लहान करून) आणि स्प्लिट कमांडने १ जीबीचे तुकडे पाडलेला.

‘नॉट इन जीझिप फॉरमॅट’ म्हणजे पहिला तुकडा पहिल्या जागी नाही. जीझिपची ओळख पटवणारे बाइट सुरुवातीलाच असतात, म्हणून दुसरा-तिसरा तुकडा सुटा उघडायला जाऊ नका. तो उघडणारच नाही. ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल’ आलं तर शेपूट गायब आहे: शेवटचा तुकडा आलाच नाही किंवा कॉपी अर्धवट राहिली. ‘सीआरसी एरर’ (डेटाच्या पडताळणीचा आकडा जुळत नाही) आली तर मधले बाइट बदललेत, नाहीतर क्रम चुकलाय.

क्रमाची चूक फारच होते. नावांच्या शेवटी १, २ ते १० असे आकडे असतील, तर कॅटला (फाइल्स एकामागोमाग जोडणारी कमांड) स्टार (*) देऊन जोडताना शेल (आपल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) १ नंतर २ नाही, १० लावतं. ०१, ०२ अशी नावं द्या, की प्रश्न मिटला.

मग एलएस -एल (फाइल्सची यादी आकारासह दाखवणारी कमांड) लावून आकार बघा, आणि तेही बाइटमध्ये. शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा नेमका १,०७,३७,४१,८२४ बाइटचा हवा. एखादा थोडाच कमी-जास्त असेल तर तो एफटीपीच्या (नेटवर्कवरून फाइल पाठवायची पद्धत) अ‍ॅस्की मोडमधून (हा फक्त मजकुरासाठी असतो, बाइट बदलू शकतो) गेलाय का ते तपासा. बायनरी मोडने पुन्हा आणा. शेवटचाही पूर्ण भरलेला दिसला तर पुढचा तुकडा राहून गेला असण्याचीच शक्यता जास्त.

आकार जुळूनही सीआरसी अडत असेल तर मूळ जागी आणि इथे, दोन्हीकडे प्रत्येक तुकड्याचा शा-२५६ (फाइलच्या बाइटवरून निघणारा ठसा) काढून ताडून बघा. जो जुळत नाही तेवढाच परत आणा, सगळा बॅकअप नको. त्यानंतर कॅटने जोडलेला डेटा पाइपने (|) थेट जीझिप -टी मध्ये सोडा. ही चाचणी डिस्कवर काहीच लिहीत नाही, त्यामुळे निर्धास्त करा. ती पार पडल्यावरच टार चालवा.

तुकडा खरोखरच गेला असेल तरी सगळं गेलं असं नाही. टार ओळीने लिहिलेलं असतं. तुटलेल्या जागेआधीच्या फाइल्स शाबूत निघतात, फक्त शेवटची अर्धवट येते. मात्र हे रिकाम्या फोल्डरमध्येच उलगडा, चालू डेटावर कधीच नको.

पुढच्या वेळी शा-२५६ ची यादी तुकडे पाडतानाच करून वेगळ्या डिस्कवर ठेवा. पेनड्राइव्ह फॅट-३२ (डिस्कवर फाइल्स ठेवायची एक पद्धत) असेल तर तुकडा ४ जीबीचा करू नका. तिथली एका फाइलची मर्यादा त्याहून एक बाइट कमी आहे.