टपाली मतांच्या टेबलावर नजर कशी ठेवायची

मोजणीच्या दिवशी टपाली मतांवर लक्ष ठेवायला निघालात की एक सल्ला हमखास मिळतो. "शे-पाचशे मतं ती, तिथे कशाला बसतोस? ईव्हीएमकडे जा, खरा खेळ तिथे असतो." असा सल्ला देणाऱ्याला २०२४ ची मुंबई वायव्य लोकसभेची मोजणी आठवून द्या. ईव्हीएमची मतं मोजून झाली तेव्हा अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं मिळवल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. बाद झालेल्या टपाली मतपत्रिका होत्या १११, म्हणजे विजयाच्या फरकाच्या दुपटीहून जास्त.

ईव्हीएमच्या टेबलावर आकडा दिसतो, तुम्ही तो उतरवून घेता. अधिकाऱ्याने ठरवावं असं तिथे फारसं काही नसतं. टपाली टेबलावर मात्र दर पाकिटागणिक कुणीतरी ठरवत असतं, हे चालेल, हे बाद. नजर ठेवायची ती या ठरवण्यावर.

खालचं सगळं लोकसभा-विधानसभेपुरतं आहे. महापालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथले नियम निराळे आहेत, हे तिथे जसंच्या तसं लावायला जाऊ नका.

आदल्या दिवसापर्यंत

टपाली टेबलासाठी मतमोजणी प्रतिनिधी म्हणून स्वतंत्र नाव द्यावं लागतं, नमुना १८ वर, मोजणीच्या तीन दिवस आधी संध्याकाळी पाचच्या आत. एका टेबलावर जास्तीत जास्त ५०० मतपत्रिका घेतात, त्यामुळे टेबलं किती लागणार ते आधी विचारा आणि तितकी माणसं द्या. उमेदवार सहसा इथे उरलेसुरले कार्यकर्ते पाठवतात. ते करू नका. ज्याला बारीक अक्षर वाचता येतं आणि भांडताना आवाज चढत नाही, असा माणूस इथे बसवा. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. दोन पेनं, कार्बन पेपर आणि कोऱ्या कागदांची वही मात्र हवीच. कार्बन कशाला ते पुढे कळेल.

आदल्या संध्याकाळी निवडणूक कार्यालयातून आलेल्या टपाली मतांचा आकडा घ्या, तोही फोड करून. निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी किती, घरून मतदान केलेले ८५ वर्षांवरचे आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले मतदार किती, सैन्यदलातले किती. नुसती बेरीज उपयोगाची नाही. तिन्ही गटांच्या कागदात होणाऱ्या चुका वेगवेगळ्या असतात.

सकाळी आठ

मोजणी सुरू व्हायच्या ठरल्या वेळेनंतर आलेलं पाकीट उघडत नाहीत, बाजूला ठेवतात. घड्याळ पाहा, उशिरा आलेल्यांचा आकडा लिहा, पुढे चला.

घोषणापत्र: सगळा जीव इथे लावा

आधी पाकिटांची नावं पक्की करा, कारण ती ज्याने ठेवली त्याला कुणाचा तरी सूड घ्यायचा असावा. बाहेरचं मोठं पाकीट म्हणजे नमुना १३-क, पण त्याला म्हणतात लिफाफा 'ब'. आतलं छोटं पाकीट म्हणजे नमुना १३-ब, त्याला म्हणतात लिफाफा 'अ'. मतपत्रिका असते या छोट्या पाकिटात. मतदाराचं घोषणापत्र, म्हणजे नमुना १३-अ, असायला हवं मोठ्या पाकिटात पण छोट्याच्या बाहेर. टेबलावर कुणी नुसतं "ब बघा" म्हणालं की विचारा, कुठला ब. मी पहिल्या वेळी अर्धा तास चुकीच्या 'ब'बद्दल हुज्जत घातली होती.

मोठं पाकीट उघडलं की अधिकारी आधी घोषणापत्र पाहतो. आतलं पाकीट न उघडताच मत बाद करायची कारणं मोजकी आहेत: घोषणापत्र सापडत नाही, त्यावर रीतसर सही किंवा साक्षांकन (सही मतदाराचीच आहे अशी अधिकाऱ्याने दिलेली ग्वाही) नाही, त्यावर लिहिलेला मतपत्रिकेचा क्रमांक छोट्या पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळत नाही, किंवा घोषणापत्रात दुसरा काही मोठा दोष आहे.

पहिल्या कारणात वाद नसतो, पण वाईट वाटतं. बरेच लोक घोषणापत्राची घडी घालून ते मतपत्रिकेसोबत छोट्या पाकिटात घालतात आणि वरून डिंक लावतात. पाकीट उजेडाकडे धरलं तर आत दोन कागद असल्याचं दिसतंही. तरी ते उघडता येत नाही, कारण घोषणापत्र पाहिल्याशिवाय आतलं पाकीट उघडायचं नाही हाच नियम आहे. मत गेलं. यावर भांडण्यात वेळ घालवू नका.

खरं भांडण आहे ते 'साक्षांकन' आणि 'मोठा दोष' या दोन शब्दांवर. साक्षांकन करणाऱ्याची सही आहे पण शिक्का नाही. सही आहे पण नाव-हुद्दा लिहिलेला नाही. क्रमांकातला एक आकडा खोडून पुन्हा लिहिलाय. मतदाराचा पत्ता अर्धवट आहे. यातलं कशाला मोठा दोष म्हणायचं? २०२४ ला आंध्र प्रदेशात नेमका शिक्क्याचाच वाद उभा राहिला. सुविधा केंद्रावर, म्हणजे निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी टपाली मत देतात तिथे, नेमलेल्या अधिकाऱ्याची सही असेल तर निव्वळ शिक्का नाही म्हणून मत बाद करू नये, असं केंद्रीय निवडणूक आयोगाने कळवलं. त्याविरुद्ध मंडळी हायकोर्टात गेली, तिथून सुप्रीम कोर्टात. कुठेच दाद मिळाली नाही. माझं मतही आयोगासारखंच आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी सुविधा केंद्रावर जाऊनच मत देतात. तिथे शिक्का मारायचा राहिला, तर चूक टेबलामागे बसलेल्या साहेबाची. त्याबद्दल रांगेत उभ्या राहिलेल्या शिक्षिकेचं मत कापायचं, हा कुठला न्याय?

आता माझी चूक सांगतो. एका विधानसभेच्या मोजणीला टपाली मतांची तीन टेबलं होती. मी दोन नंबरवर. आमच्या टेबलावरचे अधिकारी शिक्का नसलेली घोषणापत्रं बाद करत होते. मी तोंडी हरकत घेतली. ते शांतपणे म्हणाले, "लेखी द्या." माझ्याकडे कागद नव्हता. नंतर देऊ म्हणून मी गप्प बसलो. साडेदहाला चहाच्या टेबलाशी तीन नंबरवरचा आमचा माणूस भेटला, तेव्हा कळलं की त्यांच्याकडे तशीच पाकिटं सकाळपासून बिनबोभाट स्वीकारली जातायत. एकाच हॉलमध्ये, दहा फुटांवर, दोन निराळे निकष! परत येऊन पाहतो तो आमच्या टेबलावरची ठीक ठरलेली घोषणापत्रं पाकिटात जाऊन मोहोर लागलेली, आतली पाकिटं उघडायला सुरुवात झालेली. मी कुठली पाकिटं म्हणतोय, ती किती होती, कुणालाच सांगता येईना. मलाही नाही.

तेव्हापासून मी हे असं करतो, आणि तुम्हीही असंच करा.

पहिली दहा-पंधरा पाकिटं होईपर्यंत कशालाही हरकत घेऊ नका, फक्त बघा. शिक्का नाही, नाव-हुद्दा नाही, खाडाखोड, अपुरा पत्ता, यातला एकेक नमुना समोर आला की उठा आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे जा. टेबलावरच्या सहायकाशी वाद घालत बसू नका. मागणी एकच ठेवा: या चार प्रकारांत काय करायचं ते आत्ता सगळ्या टेबलांना एकत्र सांगा, आणि निरीक्षकांसमोर सांगा. मी अजून एकही अधिकारी असा पाहिला नाही ज्याला ही मागणी नकोशी झाली. बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं.

या टप्प्यावर एक गोष्ट तुमच्या बाजूची असते. छोटं पाकीट बंद आहे, म्हणजे आतलं मत कुणाला आहे हे कुणालाच ठाऊक नाही. "समोरच्याची जास्तीत जास्त बाद करून घे" हा सल्ला देणाऱ्याने टपाली टेबल कधी पाहिलेलं नसतं. तुम्ही कडक निकष मागाल तर तुमचीही मतं कापली जातील, सैल मागाल तर त्याचीही वाचतील. म्हणूनच समोरच्या पक्षाचा प्रतिनिधी इथे तुमच्याशी सहमत होऊ शकतो. त्याला विचारून बघा. दोघांनी मिळून एकच अर्ज दिला तर तो पाच मिनिटांत निकालात निघतो.

दुसरं, चुकून स्वीकारलेलं आणि चुकून बाद केलेलं यांत फार फरक आहे. बाद केलेलं छोटं पाकीट त्याच्या घोषणापत्रासह परत मोठ्या पाकिटात जातं, त्यावर शेरा लिहितात आणि अशी पाकिटं वेगळी मोहोरबंद होतात. म्हणजे ती पुन्हा तपासता येतात. स्वीकारलेल्याचं तसं नाही. घोषणापत्रं मोहोरबंद झाली, मतपत्रिका एकत्र मिसळल्या, की कुठलं मत कुठल्या घोषणापत्राचं हे देवालाही कळणार नाही. मतदानाची गुप्तता राखायची तर ते तसंच हवं. तेव्हा स्वीकारण्यावरची हरकत तिथल्या तिथे, पाकीट ढिगात जायच्या आत घ्यायची. बाद करण्यावरची हरकत दुपारीही लढवता येते, पण नोंद सकाळची हवी.

ती नोंद अशी: "टेबल २, सकाळी ८.२५, छोट्या पाकिटावरचा क्रमांक अमुक. मतदाराची सही आहे, साक्षांकनाची सही आहे, शिक्का नाही. बाद केले. हरकत आहे." खाली सही. कार्बनची प्रत स्वतःकडे, मूळ प्रत देऊन पोच घ्यायची. मतदाराचं नाव मात्र लिहायचं नाही, कधीही नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२८ खाली गुप्तता राखायची जबाबदारी तुमच्यावरही आहे, आणि नाव-क्रमांकाची यादी खिशात घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रतिनिधीला कुणी वाचवायला येत नाही. कागदांना हातही लावायचा नाही. दाखवा म्हणायचं, डोळ्यांनी वाचायचं.

मतपत्रिका

हा भाग सोपा आहे. खूणच नाही, दोघांना खूण, मतदार ओळखू येईल असं काही लिहिलेलं, बनावट मतपत्रिका, ओळख पटणार नाही इतकी फाटलेली, किंवा तिच्यासोबत दिलेल्या पाकिटातून न आलेली, अशी मतपत्रिका बाद. सर्वांत जास्त बळी जातात ते मतपत्रिकेवरच सही ठोकणाऱ्यांचे, आणि ते बहुतेक सरकारी नोकर असतात, सवयच तशी. एवढं लक्षात ठेवा: खूण फिकट आहे किंवा दोनदा केली आहे एवढ्यावरून मत बाद होत नाही, कुणाला द्यायचं होतं ते स्पष्ट दिसलं की पुरे.

बेरीज

टपालीचा आकडा जाहीर झाला की टाळ्या सोडा आणि हिशेब जुळवा. आदल्या संध्याकाळचा आकडा, त्यात सकाळपर्यंत आलेली, वजा उशिराची, वजा न उघडता बाद केलेली, वजा उघडून बाद केलेली. उरतील ती वैध मतं आणि 'नोटा'. बाद मतांचे दोन आकडे वेगवेगळे मागा. "एकूण बाद इतकी" यावर समाधान मानू नका, कारण पुढचा सगळा वाद न उघडलेल्या पाकिटांवरच होतो.

गुजरातमधल्या धोळका मतदारसंघात २०१७ ला भूपेंद्रसिंह चुडासमा ३२७ मतांनी निवडून आले होते. ४२९ टपाली मतपत्रिका बेकायदा बाद केल्या, असं म्हणत २०२० मध्ये गुजरात हायकोर्टाने ती निवडणूकच रद्द ठरवली. पुढे सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. पण पाहा, सगळं प्रकरण ४२९ आणि ३२७ या दोन आकड्यांवर उभं राहिलं.

आयोगाची आजची सूचनाही याच तुलनेवर आहे. विजयाचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर निकाल जाहीर करण्याआधी बाद झालेली सगळी टपाली मतं पुन्हा तपासणं बंधनकारक आहे. तुमची सकाळची कार्बन प्रत तेव्हा बाहेर काढायची. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून टपाली मोजणी संपल्याशिवाय ईव्हीएमची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही, असंही ठरलंय. त्यामुळे "शेवटच्या फेरीची घाई आहे, टपाली उरका" असं कुणी म्हणालं तर ही सूचना दाखवा.

फेरमोजणी हवी असेल तर उमेदवाराने, तो नसेल तर त्याच्या प्रतिनिधीने, बेरीज जाहीर झाल्या झाल्या लेखी अर्ज द्यायचा, कारणांसह. अंतिम निकालपत्रकावर, म्हणजे नमुना २० वर, सह्या झाल्या की तो दरवाजा बंद.

मोहोर

वैध आणि बाद गठ्ठ्यांच्या पाकिटांवर तुम्हालाही आपली मोहोर लावता येते. कंटाळून निघून जाऊ नका. केरळमधल्या पेरिंतलमण्णा मतदारसंघात २०२१ ला फरक होता ३८ मतांचा, आणि तीनशेहून जास्त टपाली मतं बाद धरलेली होती. प्रकरण कोर्टात असताना २०२३ मध्ये टपाली मतांची एक पेटी कोषागारात सापडेना. ती निघाली दुसऱ्याच सरकारी कार्यालयात. पाकिटं किती, त्यांवर काय लिहिलंय, ती कुठल्या पेटीत गेली, हे वहीत उतरवूनच उठा. निवडणूक याचिकेला निकालापासून ४५ दिवस मिळतात, आणि ही पाकिटं उघडतात ती कोर्टाच्या आदेशानेच. वही तोवर घरात सापडेल अशा जागी ठेवा. माझी एकदा रद्दीत गेली होती.