गाजर गवताची ॲलर्जी: खरीप हंगामातील निदान आणि खबरदारी

पावसाने उघडीप दिली की बांधावर, पडीक रानात आणि रस्त्याच्या कडेला गाजर गवत फोफावते आणि उगवणीनंतर साधारण महिन्या-दीड महिन्यात फुलावर येते. त्यामुळे खुरपणीचे दिवस हेच त्याच्या ॲलर्जीचेही दिवस ठरतात. पुणे परिसरात १९५५ च्या सुमारास नजरेस आलेले हे तण आज राज्यभर पसरलेले आहे.

या गवतातील पार्थेनिन हे द्रव्य त्रासाचे मुख्य कारण आहे. वर्षानुवर्षे ते हाताने उपटणाऱ्यालाही एखाद्या हंगामात ॲलर्जी सुरू होऊ शकते, आणि पुरळ बहुधा एक-दोन दिवसांनी उठत असल्याने दोष फवारणीच्या औषधाला किंवा उन्हाला दिला जातो. उन्हाच्या त्रासात पापण्या, कानामागचा भाग आणि हनुवटीखालची जागा सहसा सुटते; गवताचे कण मात्र वाऱ्याबरोबर नेमके तेथेच, तसेच मानेच्या आणि कोपराच्या घडीत साचतात. परगावी गेल्यावर खाज कमी होते का आणि रानात परतल्यावर वाढते का, याची नोंद ठेवून ती त्वचारोगतज्ज्ञांना अवश्य सांगावी.

खात्रीसाठी पॅच टेस्ट करतात. पाठीवर लावलेल्या पट्ट्या ४८ तासांनी काढून त्वचा पाहतात व पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. तोवर पाठ भिजू देऊ नये आणि घामाचे काम टाळावे. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेतले असल्यास आधी सांगावे, कारण त्याने चाचणी फसू शकते. झटपट आरामासाठी असे इंजेक्शन वारंवार घेण्याची पद्धत आम्हाला फार चिंतेची वाटते: संपर्क चालूच राहिल्याने पुरळ परतते आणि साखर व रक्तदाब वाढण्याचा धोका मागे उरतो.

ज्याला ॲलर्जी ठरली आहे, त्याला गवत काढण्याच्या कामावर पाठवू नये. इतरांनी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तोंडाला फडके वापरून ओल्या जमिनीतून, फुलोऱ्यापूर्वी, मुळासकट उपटावे व कामानंतर अंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत. वाळलेले गवतही त्रास देते, म्हणून ते झोडपू किंवा जाळू नये. फूल येण्यापूर्वी काढलेले कंपोस्टच्या खड्ड्यात घालावे. शेवंती आणि सूर्यफूल याच कुळातील असल्याने काही रुग्णांना त्यांच्या तोडणीतही पुरळ येते, हे फूलशेती करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. धाप लागणे, छातीत घरघर किंवा डोळे सुजून मिटणे अशी लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.