ग्रेनोबलला नवीन आलात? पहिल्या थंडीत बटाट्याची तार्त करा

दर सप्टेंबरात फ्रान्समधल्या ग्रेनोबलला आपली नवी मंडळी येतात. कुणी विद्यापीठात शिकायला, कुणी सिंक्रोट्रॉन या संशोधनाच्या मोठ्या यंत्रावर पीएचडीला, कुणी चिपच्या कंपनीत नोकरीला, बायको-मुलांसकट. पहिला प्रश्न तांदळाचा, दुसरा कुकरचा. तांदूळ, तूरडाळ, हिंग सगळं मिळतं, त्याची चिंता सोडा. कुकरचं मात्र नीट ऐका. भाड्याच्या घरांत बऱ्याचदा इंडक्शनची शेगडी असते आणि साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. आणायचाच असेल तर इंडक्शनला चालणारा स्टीलचा आणा.

आता माझं सांगणं. मी २००८ साली आले आणि पहिले सहा महिने वरण-भातावरच काढले. घरातून बाहेर पडायचं ते फक्त सुपरमार्केटात, तेही न बोलता सामान घेऊन परत. त्या सहा महिन्यांत मला फ्रेंच आलं नाही, बाजार कळला नाही, शेजारी कळले नाहीत. म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते: दिवाळी उरकली, डोंगरावर पहिलं बर्फ दिसलं, की इथली एक गोष्ट स्वतःच्या हाताने करा. बटाटा, लार्दाँ (डुकराच्या मांसाचे धुरावलेले तुकडे) आणि रब्लोशाँ नावाचं चीज घातलेली तार्त, म्हणजे मैद्याच्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ. ती करायला चार माणसांशी बोलावंच लागतं.

हा पदार्थ मूळचा आपल्या शेजारच्या साव्वाचा, म्हणजे आनसी आणि तोनकडच्या डोंगरांचा. ग्रेनोबल दोफिने या जुन्या प्रांतात येतं. इथला मान ग्रातँ दोफिनवाला, म्हणजे दूध-सायीत शिजवलेल्या बटाट्याच्या कापांना, आणि जुनी माणसं त्यात चीज घालू देत नाहीत. तिकडे साव्वात मात्र बटाटा आणि चीज हेच जेवण. तिथला जुना पदार्थ 'पेला'. हा आपला पाणी प्यायचा पेला नव्हे, लांब दांड्याच्या तव्यावर बटाटे, कांदे आणि वर रब्लोशाँ असा प्रकार आहे. त्यावरूनच १९८०च्या दशकात रब्लोशाँ करणाऱ्यांच्या संघटनेने 'तार्तिफ्लेत' पुढे आणली. तिकडच्या बोलीत बटाट्याला 'तार्तिफ्ल' म्हणतात, त्यावरून ते नाव. आज स्कीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या ताटात ती दिसते. आपण करणार ती तेच सगळं पोळीसारख्या कणकेच्या कवचात भरून. कापून वाटता येते, डब्यात नेता येते, म्हणून मला हा प्रकार जास्त आवडतो.

खरेदी शनिवारी सकाळी करा. रविवारी दुपारनंतर मोठी दुकानं बहुतेक बंद असतात आणि सोमवारी कसाई, चीजवाले यांच्यापैकी बरेच सुट्टी घेतात. रेल्वेच्या पुलाखालचा एस्ताकादचा बाजार किंवा गावातली साँत-क्लेरची मंडई, दोन्ही चांगल्या. एक गोष्ट कधीही विसरू नका. कुठल्याही दुकानात तोंड उघडलं की पहिला शब्द 'बॉन्जूर'. आपण थेट "अर्धा किलो द्या" म्हणतो, त्यात आपल्याकडे काही वावगं नाही. इथे मात्र बॉन्जूर न म्हणता मागितलं की समोरचा माणूस आखडतो, आणि आपल्याला वाटतं की आपण परके म्हणून असं वागवतात. मला हे कळायला वर्ष गेलं.

बटाटे घेताना पिशवीवर 'शेर फेर्म' लिहिलंय का बघा. म्हणजे शिजल्यावर न फुटणारा, घट्ट गराचा. शार्लोत किंवा आमांदीन ही नावं लक्षात ठेवा. बिंत्झ नावाचा पिठूळ बटाटा बटाटेवड्याला उत्तम, पण तार्तीत त्याचा लगदा होतो. सहाशे ग्रॅम पुरे.

लार्दाँ म्हणजे डुकराच्या पोटाकडच्या मांसाचे, खारवून धुरावलेले बारीक तुकडे. पाककृती इंग्रजीत वाचून जाणारे इथे हमखास चुकतात. इथल्या दुकानात 'बेकन' म्हणून जे पाकीट मिळतं त्यात कमी चरबीच्या गोल चकत्या असतात. त्या तव्यावर चामड्यासारख्या होतात, त्यांना चरबी सुटत नाही. आपल्याला हवेत 'लार्दाँ फ्युमे', दोनशे ग्रॅम. कसायाकडून 'प्वात्रीन फ्युमे'चा जाडसर काप घेऊन घरी चिरलात तर चव कितीतरी चांगली. जे डुकराचं खात नाहीत त्यांनी अवघडू नये. कोंबडीचे किंवा टर्कीचे धुरावलेले लार्दाँ मिळतात, हलाल दुकानांतही असतात.

आता चीज, कारण सगळी तार्त त्यावर उभी आहे. रब्लोशाँ हे कच्च्या दुधाचं, मऊ, केशरट सालीचं चीज. एक चकती साधारण साडेचारशे ग्रॅमची. तिच्या नावामागची गोष्ट मला फार आवडते. पूर्वी शेतकऱ्याला जमीनमालकाला दुधाच्या मापावर वाटा द्यावा लागे. मोजणीच्या दिवशी तो गाय पूर्ण पिळायचाच नाही. माणूस मोजून गेला की पुन्हा धार काढायची. ते दुसरं दूध थोडं पण सायीचं, आणि त्याचं हे चीज. पुन्हा पिळणं म्हणजे 'रब्लोशे'. आपल्याकडे म्हैस पान्हा चोरते म्हणतात, इथे गवळ्यानेच चोरला! १९५८ पासून या चीजला उगमस्थानाचं संरक्षण आहे. आबाँदाँस, तारीन आणि माँबेलियार्द या तीनच जातींच्या गाईंचं दूध त्याला चालतं.

चकतीवर एक छोटी रंगीत टिकली चिकटवलेली असते. हिरवी असेल तर 'फेर्मिए': एकाच शेतावरच्या गाईंचं, धार काढल्या काढल्या तिथेच केलेलं. लाल असेल तर अनेक शेतांचं दूध एकत्र करून डेअरीत केलेलं. तार्तीला लाल पुरतं. हिरवं घेतलंत तर अर्धं नुसतं पावाबरोबर खायला ठेवा, ते भट्टीत घालवायचं जिवावर येतं. चीजवाल्याला सांगा, "आज तार्त करायची आहे". तो दोनचार चकत्या अंगठ्याने दाबून त्यातली पिकलेली देईल. आपण आंबा दाबून बघतो तसंच. हा एक मिनिटाचा संवाद माझं पहिलं खरं फ्रेंच संभाषण होतं.

शाकाहारी मंडळींसाठी दोन गोष्टी, आणि त्या कुणी आपणहून सांगत नाही. रब्लोशाँ, काँते, बोफोर ही सगळी चीजं वासराच्या पोटातल्या रेनेटने दूध विरजून करतात. वेष्टनावर त्याला 'प्रेझ्यूर' म्हणतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी सेंद्रिय मालाच्या दुकानात जाऊन जिवाणूजन्य किंवा वनस्पतिजन्य रेनेट लिहिलेलं चीज घ्यावं. दुसरं, कुणाकडे जेवायला बोलावलं तर नुसतं 'वेजेतारियाँ' म्हणून थांबू नका. "सां व्यांद, सां प्वासाँ, सां लार्दाँ" असं तिन्ही म्हणा: मांस नको, मासे नकोत, लार्दाँ नकोत. लार्दाँ घातलेला किश (अंडं-साय घालून केलेली तार्त) 'यात मांस नाही' असं प्रेमाने सांगून माझ्या पुढ्यात ठेवलेला आहे. त्यांच्या लेखी तो मिठासारखा चवीचा भाग असतो.

आणि घरात पाच वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल तर कच्च्या दुधाचं मऊ चीज त्यांना देऊ नये असा इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. तो पाळा. त्यांच्या तार्तीत काँते किंवा एमेंताल किसून घाला.

कवचासाठी दुकानात तयार 'पात ब्रिझे'ची गुंडाळी मिळते, कागदासकट. 'प्युर बर' लिहिलेली घ्या, म्हणजे फक्त लोण्याची. घरी करायची तर दोनशे ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम थंड लोणी, चिमूट मीठ. लोणी पिठाला बोटांच्या टोकांनी चोळायचं, खुसखुशीत शंकरपाळ्याला मोहन चोळतो तसं. मग चार-पाच चमचे गार पाणी घालून जेमतेम गोळा करायचा. मळायचं नाही. कणीक मळायची आपली सवय इथे नडते, मळलं की कवच चिवट होतं. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये. मैद्याच्या पाकिटावर 'टी ५५' बघा, आणि केकचा मैदा उचलू नका, त्यात बेकिंग पावडर मिसळलेली असते.

माझी पहिली तार्त वरून सोनेरी आणि खालून कच्ची झाली होती. वरच्या मजल्यावरच्या आजी मूळच्या तोनच्या. मी त्यांना मोठ्या उत्साहाने तुकडा नेऊन दिला. त्यांनी सुरीच्या टोकाने तो उचलला, उलटा केला आणि बोटाने तळाला टिचकी मारली. काहीच आवाज आला नाही. मग माझं बोट धरून त्यांनी ते ओल्या कणकेवर टेकवलं. पुढच्या शनिवारी त्या माझ्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. त्यांनी शिकवलेलं जसंच्या तसं सांगते.

बटाटे सालासकट, थंड मिठाच्या पाण्यात घालून उकळायला ठेवा. कुकर नको. वीस मिनिटांत सुरी आत जाते पण बटाटा फुटत नाही, तिथे काढा. सोलून बोटाच्या अर्ध्या जाडीच्या चकत्या करा आणि फडक्यावर पसरून वाफ जाऊ द्या. ही पंधरा मिनिटं कुणी देत नाही, आणि तळ ओला राहतो तो इथेच.

लार्दाँ कोरड्या तव्यावर, तेल न घालता. आधी पाणी सुटतं, मग चरबी, मग कडा तांबूस होतात. खिडकी उघडी ठेवा. २०१५ पासून इथे प्रत्येक घरात धुराचा अलार्म सक्तीचा आहे आणि तो लार्दाँला ओळखतो. तुकडे काढून त्याच चरबीत दोन कांदे मंद आचेवर गोडसर होईपर्यंत परता. शाकाहारी असाल तर लोण्यात कांदा परता. लार्दाँऐवजी मशरूम सगळं पाणी आटेपर्यंत भाजा, वर चिमूटभर धुरावलेली पाप्रिका. धुरावलेला टोफूही चांगला लागतो.

अठ्ठावीस सेंटिमीटरच्या साच्यात कवच बसवा, काट्याने टोचा, वर कागद आणि कागदावर वाटीभर कोरडे छोले. त्या वजनाने कवच फुगत नाही. दोनशे अंशांवर पंधरा मिनिटं. ओव्हनवर पंख्याचं चित्र असेल तर तो वारा फिरवणारा, त्याला एकशेऐंशी पुरे. छोले आणि कागद काढून आणखी पाच मिनिटं, तळ कोरडा दिसेपर्यंत. तेच छोले बरणीत जपून ठेवा, ते शिजवायचे नाहीत, दर वेळी कामाला येतात. साध्या खोलीत ओव्हन नसेल तर टेबलावरचा छोटा ओव्हन जुन्या बाजारात स्वस्तात मिळतो. फक्त लहान साचा घ्या.

आता कांदे, त्यावर बटाटे, मध्ये लार्दाँ. 'क्रेम एपेस', म्हणजे घट्ट साय, दीडशे ग्रॅम, त्यात एक अंडं फेटून ओता. अंडं नको असेल तर नुसती साय घाला, चालतं. कमी चरबीची साय घेऊ नका, ती पाणी सोडते. मिरपूड भरपूर, जायफळ किसून, मीठ अजिबात नाही. चीज आणि लार्दाँ दोन्ही खारट असतात.

रब्लोशाँची टिकली काढा, साल सुरीने हलकेच खरवडा, काढू नका. चकती पुरीसारखी आडवी चिरून दोन पातळ चकत्या करा. एक चकती तुकडे करून तार्तीवर ठेवा, साल वर. पुन्हा ओव्हनमध्ये, तीस ते पस्तीस मिनिटं. साल तांबूस होते आणि खालून चीज वितळून बटाट्यांत उतरतं. घरभर जो वास सुटतो तो पहिल्यांदा उग्र वाटेल. जेवायला बसल्यावर वाटत नाही.

बाहेर काढून दहा मिनिटं तशीच राहू द्या, मग कापा. बरोबर हिरवी पानं, त्यावर एक भाग व्हिनेगर, तीन भाग इथलं अक्रोडाचं तेल आणि चमचाभर मोहरीची पेस्ट. पहिल्या वेळी मिरची, जिरं, कोथिंबीर काही घालू नका, ही माझी कळकळीची विनंती. एकदा तिची स्वतःची चव कळू द्या. दुसऱ्या वेळेपासून तुमचं घर, तुमची तार्त. आमच्याकडे आता शेजारी ठेच्याची वाटी असतेच, आणि आजीही त्यातला कणभर घेतात.

उरली तर मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, कवच मऊ पडतं. दीडशे अंशांवर बारा-पंधरा मिनिटं. ऑफिसच्या डब्यात गार नेली तरी छान लागते. रब्लोशाँचा दुसरा अर्धा भाग मात्र कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर फ्रिजमधल्या दह्याला त्याचा वास लागेल. चार दिवसांत संपवा. खायच्या तासभर आधी बाहेर काढून ठेवा, म्हणजे तो पावावर आपोआप पसरतो.