चाच्यांची गोष्ट लिहायचीय? आधी साल ठरवा

समुद्री चाच्यांवर कथा लिहिणारी बरीच मंडळी आता आपल्याकडे गोव्यात आहेत आणि मला ते मनापासून आवडतं. पण वाचायला घेतलं की तोच कवटीचा काळा झेंडा, डोळ्यावर पट्टी, खांद्यावर पोपट आणि कैद्याला फळीवरून समुद्रात चालवणं! हे सगळं कॅरिबियनकडचं, त्यातलं बरंचसं तर नंतरच्या लेखकांनी रंगवलेलं. आपल्या किनाऱ्याचं स्वतःचं इतकं काही पडलंय की उसनं आणायची गरजच नाही.

तर पहिलं काम, साल ठरवा. "सतराव्या शतकात कधीतरी" असं मोघम चालत नाही, कारण साल बदललं की नकाशाच बदलतो. समजा गोष्ट 1700 ची आहे. तेव्हा पोर्तुगीजांचा गोवा म्हणजे तिसवाडी, बार्देश आणि साष्टी, बस. पेडणे, फोंडा, काणकोण हे सगळं पुढे, 1763 ते 1788 च्या दरम्यान कायमचं त्यांच्याकडे गेलं. तेरेखोलचा किल्ला 1746 पर्यंत सावंतवाडीच्या सावंतांकडे होता. म्हणजे तुमचा हिरो शापोरा नदी ओलांडून पलीकडे गेला की पोर्तुगीज शिपायाची हद्द संपली, आता एवढा आयता प्लॉट कोण सोडेल? पणजी राजधानी झाली 1843 ला, त्यामुळे 1700 मध्ये तिथे गजबजलेलं शहर दाखवू नका. आग्वादचा किल्ला 1612 चा आहे, तो चालेल, पण तिथलं जुनं दीपगृह 1864 चं, ते नको. आग्वादच्या झऱ्यावर मात्र सीन नक्की ठेवा, लिस्बनहून आलेली जहाजं तिथे गोडं पाणी भरायची.

सालानंतर महिना. जून ते सप्टेंबर समुद्र बंद, गलबतं ओढून किनाऱ्यावर घेतलेली, मांडवीचं तोंड वाळूच्या दांड्यामुळे धोक्याचं. नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू हालचाल सुरू व्हायची. लिस्बनची जहाजं तिकडून मार्च-एप्रिलला सुटून सप्टेंबर-ऑक्टोबरला इथे पोचायची आणि परत निघायची डिसेंबर-जानेवारीत. त्यामुळे श्रावणात भर समुद्रात पाठलाग दाखवला तर किनाऱ्यावरचा कुठलाही वाचक पुस्तक मिटून ठेवील. वाराही बघा, पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा, दुपारी समुद्रावरून खारा. बंदरातून बाहेर पडायचं ते पहाटे, आत यायचं ते दुपारनंतर.

जहाजांचं म्हणाल तर तीन मजली युद्धनौका आपल्या लोकांच्या हातात देऊ नका. आंग्र्यांच्या आरमारात मुख्य दोन प्रकार, गुराब आणि गलबत. गुराबाला दोन, क्वचित तीन डोलकाठ्या, दोन डोलकाठ्यांची साधारण 150 टनांपर्यंत, तीनची 300 च्या आसपास, आणि पुढची नाळ, म्हणजे जहाजाचं टोक, लांब, पाण्यावर झुकलेली, तिच्यावरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत लहान, 70 टनांच्या आतलं, पण 40-50 वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतं गुराबांना दोरानं ओढत न्यायची. शत्रूच्या पिछाडीला जाऊन आधी शिडं-डोलकाठ्या मोडायच्या, मग चहूबाजूंनी गलबतं भिडवून माणसं वर चढवायची. समोरच्या बलाढ्य जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना असतात, पिछाडीला अगदी थोड्या, म्हणून ही युक्ती. लढाईचा सीन लिहिताना हे कारण डोक्यात असलं की वाक्यं आपोआप बरोबर येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे बहुतेक जण विसरतात: कागद. पोर्तुगीज म्हणायचे आमचं कार्ताझ, म्हणजे परवाना, नसेल तर जहाज जप्त. कान्होजी आंग्रे दस्तक, म्हणजे तसाच परवाना, द्यायचे आणि ते नसलेल्या जहाजांना पकडायचे. दोघांचं काम एकच. इंग्रज कान्होजींना चाचा लिहीत, इकडे ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. तेव्हा चाचा हा शब्द कुठल्या पात्राच्या तोंडी घालताय ते बघून घाला, निवेदनात सरसकट नको. चाचे आणि फ्रेंच जहाजं धरायचा इंग्रज परवाना घेऊन निघालेल्या कॅप्टन किडचं उदाहरण घ्या, 1697 मध्ये तो कारवारला होता, पुढे कोचीनच्या बाजूला त्याने क्वेदा मर्चंट हे जहाज धरलं. त्यावर फ्रेंच परवाने होते म्हणून ते धरणं कायदेशीर, असं त्याचं म्हणणं, पण खटल्याच्या वेळी ते परवाने मिळालेच नाहीत आणि 1701 ला लंडनमध्ये तो फासावर गेला. त्या जहाजावर कापड, रेशीम, साखर, अफू, बंदुकीच्या दारूत लागणारा सोरा असला माल होता. लूट म्हटलं की असंच लिहा, सोन्याच्या पेट्या पुरून ठेवणं सोडा.

खाण्यात पेज, सुकी मासळी, नारळ, आमसूल. मिरची पोर्तुगीजांबरोबर आलीय म्हणून 1700 ला चालेल, बटाट्याची भाजी नको. बंदूक बहुतेकांच्या हातात तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटवायची, पाऊस आला की निकामी.

शेवटी तारखा, इथे भले भले अडकतात. पोर्तुगीजांनी नवीन (आजचं ग्रेगोरियन) कॅलेंडर 1580 च्या दशकातच घेतलं, इंग्रजांनी 1752 ला. त्याआधी इंग्रजी तारीख सतराव्या शतकात 10 दिवस आणि 1700 नंतर 11 दिवस मागे, शिवाय त्यांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं. क्वेदा मर्चंट पकडलं ते जानेवारी 1698 च्या अखेरीस, पण तेव्हाचा इंग्रज कागदावर 1697 लिहिणार आणि गोव्यातल्या पोर्तुगीजाकडे फेब्रुवारी उजाडलेला असणार. मराठी पत्रात शुहूर सन (तेव्हाच्या कागदांतली एक कालगणना) दिसला तर इसवी सनासाठी त्यात 599 किंवा 600 मिळवा, तो मृग नक्षत्रापासून म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. नव्या कॅलेंडरची तारीख हाती आली की जुन्या पंचांगाच्या कोष्टकातून तिथी काढा, आणि तिथीला पाऊणपट केलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पण अष्टमीला भांगाची भरती, पाणी फार चढत नाही, म्हणून जड गुराब खाडीत घुसवायची असेल तर सीन पौर्णिमा-अमावस्येकडे सरकवा, आणि रात्री लपून जायचं असेल तर अमावस्याच घ्या.