परंपरावादी आमदार-प्रशासकाची कारकीर्द कशी अभ्यासावी: विस्कॉन्सिनचे उदाहरण

अमेरिकेतील एखादा परंपरावादी नेता आधी राज्याच्या विधिमंडळात आणि नंतर स्थानिक प्रशासनात काम करतो, तेव्हा त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण त्याच्या भाषणांपासून सुरुवात करतात. माझा आग्रह असा आहे की आधी मतदानाची नोंद वाचावी, मग अर्थसंकल्प पाहावा आणि भाषणे अखेरीस हाती घ्यावीत. कर वाढू देणार नाही असे म्हणणारा आमदार अनेकांपैकी एक असतो. तोच काउंटीचा, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासकीय विभागाचा, प्रमुख झाला की बससेवा, उद्याने आणि कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन यांच्या खर्चाची तोंडमिळवणी त्यालाच करावी लागते.

या अभ्यासासाठी स्कॉट वॉकर यांची कारकीर्द सोयीची आहे. १९९३ मध्ये पोटनिवडणुकीतून ते विस्कॉन्सिन राज्याच्या ९९ सदस्यांच्या ॲसेम्ब्लीत (विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात) गेले, २००२ मध्ये त्याच राज्यातील मिलवॉकी काउंटीचे एक्झिक्युटिव्ह, म्हणजे निर्वाचित प्रमुख, झाले आणि २०११ ते २०१९ या काळात राज्याचे गव्हर्नर होते.

आरंभी शब्दाचा अर्थ निश्चित करावा. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’साठी आपण सर्रास ‘पुराणमतवादी’ लिहितो. पण तेथील राज्यपातळीवरच्या राजकारणात या शब्दात कमी कर, मर्यादित सरकार आणि कडक फौजदारी कायदे यांचाही मोठा वाटा असतो, म्हणून मला ‘परंपरावादी’ हा शब्द त्यातल्या त्यात कमी दिशाभूल करणारा वाटतो.

विधिमंडळाच्या काळासाठी सभागृहाचे जर्नल (कामकाजाची अधिकृत नोंद) आणि विधेयकांचा इतिहास पाहावा. विधेयकावर नाव असणे आणि ते समितीतून पुढे रेटणे यांत फरक असतो. वॉकर तुरुंगविषयक समितीचे अध्यक्ष होते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत शिक्षेसंबंधीची विधेयके बारकाईने वाचावीत. ३१ डिसेंबर १९९९ पासूनच्या गंभीर गुन्ह्यांसाठी पॅरोलची, म्हणजे शिक्षा संपण्याआधी अटींवर सोडण्याची, पद्धत बंद करणारा कायदा त्यांच्याच पुढाकारातून आला. विस्कॉन्सिनमध्ये सरकारी तिजोरीवर भार टाकणाऱ्या विधेयकाला खर्चाचा अंदाज जोडलेला असतो. तो कागद वगळू नये, कारण खर्चकपातीचा पुरस्कर्ता कोणत्या कामासाठी खर्च वाढू द्यायला तयार होता, हे तेथेच कळते.

काउंटीच्या काळाकडे वळताना आधी पार्श्वभूमी नोंदवावी. कर्मचाऱ्यांना दिलेल्या वाढीव निवृत्तिलाभांवरून लोकक्षोभ उसळला, तत्कालीन प्रमुखांना पद सोडावे लागले आणि एप्रिल २००२ च्या विशेष निवडणुकीत वॉकर निवडून आले. हे पद पक्षविरहित निवडणुकीतून भरले जाते, म्हणून मतपत्रिकेवर पक्षाचे नाव शोधत बसू नये.

यापुढचे काम सर्वांत कष्टाचे, पण माझ्या मते सर्वांत मोलाचे आहे. प्रत्येक वर्षासाठी एका कागदावर तीन रकाने आखावेत: मागील वर्षी मंजूर झालेला मालमत्ता कर, प्रमुखाने या वर्षी सुचवलेला कर आणि काउंटी मंडळाने (काउंटीच्या निवडून आलेल्या सदस्यांच्या सभेने) अखेर मंजूर केलेला कर. समजा, मागील वर्षाचा आकडा १०० आहे, प्रमुखाने १००च सुचवला आणि मंडळाने तो १०३ केला. विस्कॉन्सिनच्या राज्यघटनेनुसार प्रमुखाला खर्चाच्या तरतुदींवर पूर्ण किंवा अंशतः नकाराधिकार वापरता येतो, पण मंडळ दोन-तृतीयांश बहुमताने तो मोडून काढू शकते. तसे झाले, तर पुढच्या वर्षी प्रमुखाने १०३ सुचवला तरी ‘मी करवाढ सुचवली नाही’ हे विधान अक्षरशः खरे ठरते, आणि नागरिकाचे करबिल मात्र वाढलेले असते. वॉकर यांच्या करविषयक दाव्यांवरचा वाद नेमका या पहिल्या रकान्याभोवती फिरतो. त्यामुळे केवळ दुसरा रकाना पाहणारा त्यांचा चाहता होतो, केवळ तिसरा पाहणारा टीकाकार होतो आणि दोघांनाही आपले म्हणणे आकड्यांनी सिद्ध झाल्यासारखे वाटते.

रकाने भरून झाल्यावर शेजारी चौथा जोडावा आणि त्यात बसफेऱ्या, उद्यानांची देखभाल, रिक्त ठेवलेली पदे यांत त्या वर्षी काय बदल झाला ते लिहावे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामूहिक वाटाघाटींचा हक्क मोठ्या प्रमाणात मर्यादित करणारा २०११ चा ‘ॲक्ट १०’ वाचण्यापूर्वी हा तक्ता समोर ठेवावा. त्या कायद्याच्या समर्थनार्थ वॉकर काउंटीतील अनुभवाचा दाखला देत, आणि तो दाखला कोणत्या वर्षाच्या कोणत्या आकड्यांवर उभा आहे हे आता तुम्हाला स्वतः तपासता येईल.